ॲप मुलांचे, खाते कोणाचे?

मोबाईल ॲप बनवायला शिकवण्याचे वर्ग शाळेत भरतात, वाचनालयात भरतात, महिला मंडळाच्या खोलीतही भरतात. नवशिक्यांसाठी तिथे बहुधा ‘ॲप इन्व्हेंटर’ वापरले जाते. गूगलने ते २०१० मध्ये जाहीर केले आणि २०१२ पासून ते एमआयटीकडे आहे. कोडच्या ओळी लिहिण्याऐवजी यात ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात, त्यामुळे आठवीतली मुलेही पहिल्या-दुसऱ्या तासाला बटण दाबून आवाज काढून दाखवतात. धारावीतल्या ‘धारावी डायरी’ उपक्रमातल्या मुलींनी याच साधनावर सार्वजनिक नळाच्या रांगेसाठी ॲप केले होते.

पहिली अडचण वाय-फायची. संगणकावर जुळवलेले ॲप फोनवर पाहण्यासाठी ‘कंपॅनियन’ हे जोड-ॲप लागते आणि सर्वसाधारणपणे दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर असावी लागतात. बऱ्याच शाळांतले राऊटर यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. मुले जोडणीचा क्यूआर कोड स्कॅन करत बसतात आणि तास संपतो. अशा वेळी शिक्षकाने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करावा.

दुसरी अडचण खात्याची, आणि खरे नुकसान तिथेच होते. काम सुरू करण्यासाठी सहसा गूगल खात्याने आत जावे लागते. एकाच मोबाईल क्रमांकावर ओळीने खाती उघडत गेल्यास थोड्याच वेळात तो क्रमांक नाकारला जातो. मग आयोजक सुचवतात की संस्थेच्या एकाच खात्यावर सगळ्यांचे काम करावे. प्रस्तुत लेखकाने एका तालुक्याच्या गावी वर्ग घेताना हेच मान्य केले. मानधन ठरले नव्हते, ते मागितलेही नव्हते. खाते सचिवांनी उघडले, पासवर्ड फळ्यावर लिहिला आणि बारा मुलांचे प्रकल्प एकाच यादीत साठू लागले.

त्यात एका मुलीचे एसटीच्या वेळांचे ॲप होते. तिच्या आजीला वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक गाडीपुढे एक बटण ठेवून तिने स्वतःच्या आवाजात वेळ सांगितली होती. मुक्कामी गाडीपाशी ‘ही चुकली तर आज घरी नाही’ हे वाक्य तिने आपणहून जोडले होते. ध्वनिमुद्रण आईच्या फोनवर झाले. फोन भरला म्हणून मूळ फाइली पुसल्या, कारण त्या प्रकल्पात चढवलेल्या होत्या.

सहाव्या शनिवारी सकाळी पडद्यावर ओळ आली: पासवर्ड ३ दिवसांपूर्वी बदलला गेला आहे. मुलांना वाटले, टाइप करताना चूक झाली. पुन्हा टाकला, अक्षर न् अक्षर तपासून टाकला. तिसऱ्या वेळी ती मुलगी फळ्याकडे न पाहता शिक्षकाकडे पाहू लागली.

सचिवांचा फोन दुपारी लागला. ‘मुलांना शिकायला मिळालं ना सर? मग प्रोजेक्टचं एवढं काय घेऊन बसलात?’ पुढच्या आठवड्यात संस्थेच्या कार्यक्रमात ते एसटीचे ॲप मोठ्या पडद्यावर दाखवले गेले. त्यावर संस्थेचे नाव होते, मुलीचे नव्हते. तिला बोलावलेही नव्हते. याला व्यवस्थापनातली ढिलाई म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या कष्टावर सरळ हक्क सांगण्याचा हा प्रकार आहे.

त्या मुलीकडे काहीच उरले नाही, याला तांत्रिक कारण आहे. कंपॅनियनमध्ये दिसणारे ॲप फोनवर बसत नाही, जोडणी तुटली की ते जाते. फोनवर कायम राहण्यासाठी एपीके फाईल तयार करून बसवावी लागते आणि पुढे बदल करण्यासाठी एआयए ही प्रकल्पाची फाईल लागते. शिवाय ॲपवर सही करणारी किल्ली खात्याशी बांधलेली असते. दुसऱ्या खात्यातून तयार केलेले ॲप त्यामुळे जुन्या ॲपवर अद्ययावत आवृत्ती म्हणून चढत नाही.

म्हणून प्रत्येक तासाच्या शेवटची दहा मिनिटे एआयए फाईल उतरवून घेण्यासाठी राखून ठेवावीत. ती फाईल मुलाच्या घरच्या फोनवर त्याच्यासमोर पाठवावी. खाते न उघडताही एमआयटीच्या वेगळ्या पत्त्यावर काम करता येते. तिथे परत येण्यासाठी एक संकेत मिळतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा. १३ वर्षांखालील मुलांच्या खात्यासाठी पालकांनाच वर्गात बोलवावे. एक प्रकल्प एका वेळी एकाच संगणकावर उघडावा, नाहीतर एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर चढते. आयोजकांशी सगळे लेखी ठरवावे, माणसे ओळखीची असली तरी. खाते कोणाचे, पासवर्ड कोणाकडे, ॲपवर नाव कोणाचे, या तीन गोष्टी पहिल्या तासाआधी कागदावर याव्यात. संस्था सही करायला कां-कूं करत असेल तर तिथे वर्ग घेऊ नये.

त्या मुलीने ॲप पुन्हा जुळवले, ठोकळे तिला पाठ होते. आजी मधल्या काळात वारली. मुक्कामी गाडीचे बटण तिने नव्या ॲपमध्ये ठेवलेले नाही.