समुद्रपक्षी : नराचे जेवण आणि मादीचे जेवण

कोंबडा आणि कोंबडी एकाच अंगणात एकच दाणे टिपतात. पण काही समुद्रपक्ष्यांत नर एकीकडे जेवतो आणि मादी दुसरीकडे. असं का, ते पाहू.

नकाशात दक्षिण अमेरिकेचे खालचे टोक शोधा. तिथून पूर्वेला समुद्रात दक्षिण जॉर्जिया नावाचे थंड बेट आहे. तिथे महाकाय पेट्रेल हा पक्षी घरटे करतो. नर साधारण ५ किलोचा, मादी साधारण ४ किलोची. नराची चोचही मोठी असते. किनाऱ्यावर सील किंवा पेंग्विन मेला, की नर त्याचे मांस फाडून खातात. तिथं भांडणं लागतात आणि थोराड नर मादीला हुसकावतात. म्हणून मादी जास्त करून समुद्रावर जाते. ती मासे, म्हाकूळ आणि जवळ्यासारखे बारीक जीव खाते.

याच बेटावर भटका अल्बाट्रॉस राहतो. दोन मोठी माणसे एकापुढे एक आडवी झोपली, तर जेवढी लांबी होईल तेवढे त्याचे पसरलेले पंख असतात. म्हणजे साडेतीन मीटरपर्यंत! नर आणि मादी दोघेही म्हाकूळ आणि मासे खातात, पण जागा वेगळ्या. नर जड असतो. त्याला जोराचा वारा मानवतो, म्हणून तो दक्षिणेला बर्फाकडे जातो. मादी हलकी असते. ती उत्तरेला ऊबदार समुद्राकडे जाते.

आता खरी काळजीची गोष्ट सांगतो. उत्तरेच्या समुद्रात ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा मासा, पकडणारी जहाजे फिरतात. ती कित्येक किलोमीटर लांब दोरी सोडतात. तिला हजारो गळ असतात. मादी गळाचे आमिष गिळते, पाण्याखाली ओढली जाते आणि बुडून मरते. म्हणून नरांपेक्षा माद्या जास्त मरतात. हा पक्षी दोन वर्षांत एकच अंडे घालतो. पिल्लू सुमारे नऊ महिने घरट्यात असते. आईबाप दोघे चारतात तेव्हाच ते जगते. आई परत आली नाही, तर एकट्या बापाला पुरे पडत नाही. पिल्लू उपाशी मरते.

यावर उपाय आहेत. दोरी रात्री सोडावी. गळाला वजन बांधावे, म्हणजे तो लवकर बुडतो. जहाजामागे रंगीत फिती लावाव्यात, म्हणजे पक्षी बिचकतात. दक्षिण जॉर्जियाजवळ असे नियम पाळल्यावर पक्षी मरणे फार कमी झाले. पण मादी तर तिथून लांब जेवायला जाते! म्हणून सगळ्या देशांच्या जहाजांनी नियम पाळायला हवेत. त्यासाठी २००१ साली काही देशांनी करार केला. तो २००४ पासून लागू आहे.

यावरून असे दिसते, की पक्षी वाचवायचा तर त्याचे घरटे राखून भागत नाही. नर कुठे जेवतो आणि मादी कुठे जेवते, हे दोन्ही बघावे लागते.

— इयत्ता ४ थी