चित्राखालील नोंद : अंकीय चित्रसंग्रह आणि इतिहासाचे अध्यापन

ठाणे-कल्याण परिसरातील विद्यार्थ्यांना बौद्ध कलेचा इतिहास शिकविताना आम्ही अजिंठ्याऐवजी कान्हेरीपासून प्रारंभ करतो. बोरिवलीजवळच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तेथील अनेक शिलालेखांत आपल्या कल्याणचा उल्लेख येतो. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने तेथे पाण्याची पोढी दान दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. राजांच्या वंशावळींत कारागिरांना स्थान नसते. येथे मात्र दानाखाली नाव, गाव आणि व्यवसाय कोरलेला असल्यामुळे ही माणसे आपल्याला आजही भेटतात.

प्रत्येक वर्गाला लेण्यांपर्यंत वारंवार नेणे शक्य नसते. अशा वेळी अंकीय चित्रसंग्रह उपयोगी पडतात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाचे ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा गुरुग्राम येथील छायाचित्रसंग्रह आणि सर्वांना खुले असलेले ‘विकिमीडिया कॉमन्स’ ही त्यांतील प्रमुख नावे होत.

परंतु चित्र पाहिले म्हणजे इतिहास समजला, असे नव्हे. म्हणून प्रत्येक चित्रासमोर विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : ही वस्तू कोठे सापडली? आज ती कोठे आहे? छायाचित्र कोणी व केव्हा घेतले? सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी धातुकरंडक आणि मैत्रेयासह बुद्धांच्या आठ लहान मूर्ती उजेडात आणल्या. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्यांच्या चित्राखाली केवळ ‘प्राचीन मूर्ती’ एवढेच लिहिले, तर सोपारा पुसले जाते, स्तूप पुसला जातो आणि धम्माचा या किनाऱ्याशी असलेला संबंधही पुसला जातो.

हाच नियम आपल्या घरांनाही लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांत विहारे उभी राहिली, जयंतीच्या मिरवणुका निघाल्या, मुले वसतिगृहांत राहून शिकली. त्यांची छायाचित्रे अनेक घरांच्या पेट्यांत पडून आहेत आणि त्यांतील माणसांना ओळखणारी पिढी आता थकत चालली आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक छायाचित्रातील नावे, स्थळ आणि वर्ष लिहून घ्यावे. मगच त्याची अंकीय प्रत काढून शाळेच्या संग्रहास द्यावी. मूळ छायाचित्र घरीच जपावे. कल्याणच्या लोहाराने आपले नाव दगडावर कोरून ठेवले. आपल्या आईवडिलांची नावे निदान कागदावर उतरविणे हे आपले कर्तव्य आहे.