शिष्यवृत्तीचा आकडा आणि घराने भरायची रक्कम



महाविद्यालय निवडताना विद्यार्थ्याला मिळू शकणारी मदत मुख्यतः दोन प्रकारची असते. गुण पाहून दिली जाते ती गुणवत्ता शिष्यवृत्ती. घरचे उत्पन्न पाहून दिले जाते ते आर्थिक साहाय्य. पहिलीत विद्यार्थ्याने काय करून दाखवले हे विचारले जाते, दुसऱ्यात घराला किती झेपते हे. बोलताना दोन्हींना ‘स्कॉलरशिप’च म्हणतात. त्यामुळे बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत या दोन वेगळ्या गोष्टी एकाच तागडीत टाकल्या जातात आणि जिचा आकडा मोठा तिकडे प्रवेश होतो. पाहायचे ते वेगळेच असते: मदत वजा जाता घराने भरायची रक्कम किती उरते, ती किती वर्षे भरायची आहे आणि मदत मध्येच तुटेल अशी कोणती अट तिला जोडलेली आहे.

महाराष्ट्रात दोन्ही परंपरा जुन्या आहेत. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळत असे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. ती निव्वळ गुणांची होती, घरची स्थिती कोणी विचारत नसे. दुसरीकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, कारण खेड्यातल्या मुलाला अडवणारी गोष्ट फीपेक्षाही राहण्या-जेवण्याचा खर्च ही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा शिक्षणानंतर बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. मदत कितीही उदार असली तरी तिला अट असते, आणि ती अट सही करण्याआधी वाचायची असते.

आज राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी उत्पन्नावर आधारलेली एक मोठी योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिला बोलीभाषेत ‘ईबीसी सवलत’ म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने यात मुलींसाठी मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून हीच शुल्के शंभर टक्के माफ आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. नगर तालुक्यातल्या बहुतेक शेतकरी घरांनी ही शेवटची योजना आवर्जून पाहावी, कारण शहरातला खरा खर्च खोली आणि मेसचा असतो आणि फी माफीच्या आनंदात तो विसरला जातो.

या सगळ्या शासकीय मदतीला एक अट आहे आणि ती फार जणांना उशिरा कळते. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर जागा घेतली की ही सवलत गेली. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि खासगी अभिमत विद्यापीठेही मुलींच्या शुल्कमाफीच्या बाहेर आहेत. नेमकी हीच विद्यापीठे गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या जाहिराती मोठ्या अक्षरांत देतात. त्यामुळे आठ लाखांच्या आतल्या घराने त्यांच्या पन्नास टक्के सवलतीकडे पाहताना तिथे जाऊन काय सोडावे लागते, हेही कागदावर मांडले पाहिजे.

एक हिशेब करून पाहिला की गोष्ट स्पष्ट होते. समजा, एका खासगी विद्यापीठात अभियांत्रिकीची वर्षाची फी २,४०,००० रुपये आहे आणि बारावीच्या गुणांवर चाळीस टक्के शिष्यवृत्ती देऊ केली आहे. म्हणजे ९६,००० रुपये सुटले, १,४४,००० उरले. वसतिगृह आणि मेसचे १,२०,००० धरले तर घराने वर्षाला २,६४,००० भरायचे. चार वर्षांचे झाले १०,५६,०००. आता दुसरे महाविद्यालय घ्यावे: विनाअनुदानित, पण कॅपमधून मिळालेले. एकूण फी १,२०,०००, त्यात शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. मुलगा असेल तर ईबीसीतून ५२,५०० सुटतात. हा आकडा ९६,००० पेक्षा बराच लहान दिसतो. पण राहण्या-जेवण्याचे ९०,००० धरूनही घराला वर्षाला १,५७,५०० आणि चार वर्षांत ६,३०,००० लागतात. मुलगी असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होऊन वर्षाचे १,०५,००० आणि चार वर्षांचे ४,२०,०००. मोठी शिष्यवृत्ती घेतलेल्या घराचा खर्च लहान सवलत घेतलेल्या घरापेक्षा सव्वाचार लाखांनी जास्त, आणि मुलीच्या बाबतीत सहा लाखांहूनही जास्त.

हा झाला सगळे सुरळीत चालले तरचा हिशेब. संस्थांच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या बहुधा दरवर्षी नव्याने मंजूर होतात आणि त्यासाठी ठरावीक सीजीपीए राखावा लागतो, एकही विषय मागे राहून चालत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष इंग्रजी पुस्तकांशी जुळवून घेण्यात जाते. त्या वर्षी सीजीपीए थोडा खाली आला आणि शिष्यवृत्ती गेली, तर वरच्या उदाहरणात पुढची तीन वर्षे ३,६०,००० प्रमाणे भरावे लागतील आणि एकूण खर्च १३,४४,००० वर जाईल. म्हणून संस्थेला लेखी विचारावे: सवलत एका वर्षाची की पूर्ण अभ्यासक्रमाची, टक्केवारी फक्त शिक्षण शुल्कावर की एकूण फीवर, गेल्या तुकडीतल्या किती जणांची दुसऱ्या वर्षी टिकली. तोंडी उत्तरावर प्रवेश घेऊ नये.

आमच्या हिवरे बाजार गावच्या माणसाला आधी हिशेब मांडण्याची ही रीत नवी वाटण्याचे कारण नाही. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजायचा, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्यावर रब्बीची पिके ग्रामसभेत ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस मुळातच कमी पडणाऱ्या या गावाने न पडलेल्या पावसावर पेरणी करणे थांबवले, म्हणून त्याच्या विहिरींना पाणी राहिले. चार वर्षांच्या शिक्षणाचा ताळेबंदही असाच मांडावा: हातात येणार हे नक्की असलेलीच मदत जमेला धरावी आणि टिकली तर मिळणारी वेगळ्या रकान्यात लिहावी.

याचा अर्थ गुणवत्ता शिष्यवृत्ती दुय्यम आहे असा मुळीच नाही. काही शिष्यवृत्त्या इतक्या चांगल्या आहेत की त्यांच्यासाठी अभ्यासक्रमाचाच फेरविचार करावा. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेत बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला गेलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळतात, त्यांतले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पाचे. इथे घरचे उत्पन्न विचारत नाहीत. नगरसारख्या शहरातल्या अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.ची फी थोडी असते, तेव्हा ही शिष्यवृत्ती असलेल्या मुलीचे शिक्षण घराला जवळजवळ काहीच न मागता होऊ शकते. विज्ञानाची खरी ओढ असूनही, केवळ शेजारची मुले चालली म्हणून अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी हा पर्याय मनापासून तपासावा.

दोन्ही तत्त्वे एकत्र आलेल्या योजनाही आहेत. केंद्राच्या पीएम-यूएसपी शिष्यवृत्तीला बारावीत ८० पर्सेंटाइलच्या वर असणे आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणे, दोन्ही लागते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाचे १२,००० मिळतात. तंत्रशिक्षणाला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’ वर्षाला ५०,००० देते, उत्पन्न मर्यादा आठ लाख. मात्र दोन शासकीय शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येतात असे गृहीत धरू नये. प्रत्येक योजनेचा नियम वाचून मगच दोन्ही रकमा जमेला धराव्यात. अभियांत्रिकीतली टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेची, जागा तर विशेष ध्यानात ठेवावी. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी असतात, त्या गुणानुक्रमे भरतात आणि त्यांना शिक्षण शुल्क पूर्ण अभ्यासक्रमभर माफ असते. इतर शुल्के भरावी लागतात. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जात, या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो. तो न भरल्यामुळे पात्र असूनही जागा हुकते, आणि याची भरपाई पुढे कशानेही होत नाही. मुलांच्या बाबतीत तर ही जागा ईबीसीच्या दुप्पट मोलाची.

आयआयटीची वर्षाची दोन लाखांची शिक्षण फी ऐकून गावाकडचे पालक दचकतात. प्रत्यक्षात तिथे एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाला ती पूर्ण माफ आहे, एक ते पाच लाखांना दोनतृतीयांश माफ आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफ आहे. छापलेली फी पाहून यादीतून नाव काढून टाकणे ही मोठी चूक ठरते. अमेरिकेतही तोच अनुभव येतो. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांच्यासारखी आयव्ही लीगमधली विद्यापीठे गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यांची सगळी मदत गरजेवर असते, म्हणून तिथेही छापलेली फी शेवटची नसते.

गुणवत्तेची मदत गुणांवर टिकते, उत्पन्नाची कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल त्याप्रमाणे आर्थिक दुर्बल घटकाचा किंवा जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, कॅपचे अलॉटमेंट लेटर, रेशन कार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे निकालाच्या आधीच तयार ठेवावे. तलाठ्याच्या अहवालात शेती आणि दुधाचे उत्पन्न जसे आहे तसेच लिहून द्यावे. आठ लाखांची मर्यादा कोरडवाहू घराला पुरेशी आहे, खोट्या आकड्याची गरज नसते, आणि खोटा दाखला सापडला तर प्रवेशही अडचणीत येतो. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी करायचा असतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे संपले, असे समजून दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिल्याने सवलत गमावलेली मुले प्रत्येक महाविद्यालयात सापडतात. वर्गातली हजेरीही तपासली जाते. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ईबीसी मिळते, हे धाकट्या भावंडाच्या वेळी आठवण्यापेक्षा आधी माहीत असावे.

शासनाचे पैसे उशिरा आणि हप्त्यांनी येतात, फीची तारीख मात्र थांबत नाही. शेतकरी घरात दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, कांद्याचे पैसे मोंढ्यावर गेल्यावर. त्यामुळे पहिल्या सत्रात किती रोख लागेल हे वेगळे काढून ठेवावे. कमी पडत असेल तर सावकारापेक्षा बँक बरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशासाठी तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत मिळते. पण कर्ज ही मदत नव्हे. संस्थेने दिलेल्या ‘फायनान्शियल एड’च्या कागदात कर्जाची रक्कम मिसळलेली असेल तर ती वजा करूनच तुलना करावी. पुण्यात राहण्याचा प्रश्न असेल तर १९५५ पासून ग्रामीण मुलांसाठी वसतिगृहे चालवणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडे अर्ज करावा.

उत्पन्नावर मिळणारी सवलत मागायला काही घरांना संकोच वाटतो, जणू गुणांची शिष्यवृत्ती मानाची आणि ही उपकाराची. हा संकोच निराधार आहे. सवलत लोकांच्या करातून येते, ती हक्काची आहे, आणि तिच्यावर शिकलेल्या मुलीच्या पदवीवर वेगळा शिक्का नसतो. दोन महाविद्यालयांचा दर्जा सारखा असेल तर चार वर्षांत घराने भरायची रक्कम जिथे कमी आणि मदतीची अट जिथे सोपी, तेच निवडावे. दर्जात मोठा फरक असेल तर थोडा जास्त खर्च सोसावा, पण जमीन विकावी लागेल इतका नाही. ऑप्शन फॉर्म कायम करण्यापूर्वी दोन्ही महाविद्यालयांचे फीचे तक्ते आणि शिष्यवृत्तीची पत्रे घेऊन एकदा घरी यावे. हिशेब समोर बसून करू.

मामा
हिवरे बाजार, ता. नगर