गोलाणूंची ओळख

जखमेतील पू तपासणीस पाठविल्यावर अहवालास दोन-तीन दिवस का लागतात, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन नेहमी विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

गोल आकाराच्या जीवाणूंना गोलाणू म्हणतात. त्यांचा व्यास सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असतो. ॲबर्डीन येथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली गळवांतील पुवात त्यांचे पुंजके पाहिले आणि पुढे द्राक्षांच्या घोसावरून त्यांस ‘स्टॅफिलोकॉकस’ हे ग्रीक नाव दिले. माळेतील मण्यांप्रमाणे एका ओळीत राहणारे ते ‘स्ट्रेप्टोकॉकस’.

ग्रॅम रंजनात दोन्ही जांभळेच दिसतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच पहिल्यावर बुडबुडे येतात, दुसऱ्यावर येत नाहीत. स्टॅफिलोकॉकसपैकी जे रक्तद्रव गोठवितात, ते प्रायः ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी. शस्त्रक्रियेची जखम चिघळविण्यात हेच अग्रेसर. न गोठविणारे बहुधा त्वचेवरील निरुपद्रवी रहिवासी असतात, परंतु हृदयाच्या कृत्रिम झडपेवर तेही बस्तान बसवितात.

स्ट्रेप्टोकॉकसची वर्गवारी ते तांबड्या रक्तपेशी कशा फोडतात यावरून, तसेच रिबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ साली दाखविलेल्या गटांवरून होते. ‘अ’ गटाच्या घसादुखीकडे दुर्लक्ष झाल्यास काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. या गटावर साधे पेनिसिलिन आजही गुणकारी आहे. ऑरियसवर ते बहुधा चालत नाही. १९५९ साली आलेल्या मेथिसिलिनलाही दाद न देणारे ऑरियस १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये आढळले.

म्हणूनच जीवाणू वाढविण्यास साधारण एक दिवस व कोणते औषध लागू पडते हे पाहण्यास आणखी एक दिवस द्यावा लागतो. हिशेबनीसाच्या दृष्टीनेही, या तपासणीचा खर्च निरुपयोगी औषधावरील खर्चापेक्षा कमीच! रुग्ण अत्यवस्थ असल्यास उपचार थांबत नाहीत. डॉक्टर अनुमानाने औषध सुरू करतात व अहवाल येताच बदलतात. मात्र औषधाच्या दुकानातून आधीच प्रतिजैविक घेतले असल्यास नमुन्यात जीवाणू वाढेलच असे नाही. अशा गोळ्या घेतल्या असतील, तर रिकामे पाकीट सोबत आणून डॉक्टरांना दाखवावे, ही विनंती.