काळ्या जमिनींतील घराचा पाया

गांवाचे काळी आणि पांढरी असे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार मानलेले आहेत. काळींत पीक, पांढरींत वस्ती. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां हे शब्द मीं असंख्य वेळां लिहिले. परंतु त्यांतील शहाणपण सेवानिवृत्तीनंतर स्वतःचें घर बांधल्यावर कळलें. गांवठाणांत जागा उरली नाहीं म्हणून मलकापूर तालुक्यांतील आमच्या शेताचा रस्त्यालगतचा तुकडा अकृषक करून घेतला व त्यावर एक कोठार आणि लागून तीन खोल्या बांधल्या. पाया साडेतीन फूट, सिमेंट चांगलें, गज भरपूर. दुसऱ्याच उन्हाळ्यांत न्हाणीच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग गेली. भाद्रपदांत ती जवळजवळ मिटली. गवंड्यानें वरून सिमेंट भरलें, आणि पुढील वैशाखांत ती पुन्हां तेथेंच उघडली. चार वर्षांत कोठाराचा कोबाही मध्यें फुगला. मीं सगळा दोष गवंड्याला दिला. तो अर्धाच त्याचा होता.

आपली काळी माती काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेंतून झालेली आहे. तिच्यांत मोंटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असून त्याचे अति पातळ पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. पाणी त्यांच्यामध्यें शिरून त्यांना दूर सारतें. पाणी गेलें कीं ते पुन्हां जवळ येतात. हीच माती ओल धरून ठेवते म्हणून हरभरा पावसावांचून पोसतो, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु एकमजली घराचा भार पायाखालीं दर चौरस मीटरला साधारणतः पांच टन, आणि अशा मातीचा वर रेटण्याचा जोर दहा-वीस टनांपर्यंत जातो. म्हणून हलक्या घरालाच तडे अधिक.

तथापि माती फुगते एवढ्यानें घर तडकत नाहीं. ती सर्वत्र सारखी फुगत नाहीं म्हणून तडकतें. आमच्या न्हाणीचें पाणी भिंतीशींच मुरत असे. तो कोपरा बारमास ओला राहून उचललेला, आणि बाकीच्या भिंतीखालची माती उन्हाळ्यांत वाळून खालीं बसलेली. कोब्याखालच्या मातीला ऊन-वारा लागत नाहीं, त्यामुळें तेथें वर्षानुवर्षें ओल सांचत गेली व तो मध्यें वर आला.

बांधण्यापूर्वीं मातीची परीक्षा घरीं करतां येते. पायाच्या खोलीवरची माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेंतील दोन मोजनळ्यांत दहा-दहा ग्रॅम घालून एकींत रॉकेल व दुसरींत शुद्ध पाणी शंभर घनसेंटीमीटरच्या खुणेपर्यंत भरावें आणि ढवळून हवा काढून टाकावी. रॉकेलांत माती फुगत नाहीं. चोवीस तासांनीं पाण्यांतील माती रॉकेलांतल्या मातीच्या दीडपट भरली तर सावध व्हावें. दुपटीहून अधिक भरली तर इंजिनियरास विचारल्यावांचून कुदळ मारूं नये.

घाटावर चिखली, मेहकरकडे बऱ्याच ठिकाणीं कांहीं फुटांवर मुरूम लागतो. तेथें पाया मुरुमांत रुतवावा, म्हणजे झालें. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत तसें नाहीं. गाळाची माती फार खोल, मुरूम हातीं लागत नाहीं. काळ्या मातींतील ओल ऋतूप्रमाणें साधारण साडेअकरा फुटांपर्यंत कमीजास्त होते. माझा साडेतीन फुटांचा पाया तर हलत्या थरांतच उभा होता. यासाठीं रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें खालीं फुगीर पोट असलेले काँक्रीटचे खांब प्रचारांत आणले. इंजिनियर यांस अंडर-रीम्ड पाईल म्हणतात. पोटाचा व्यास खांबाच्या सुमारें अडीचपट असतो व त्यामुळें खांब वर उपसला जात नाहीं. खांबांवरच्या तुळईखालीं तीन इंच पोकळी ठेवावी लागते, म्हणजे फुगणारी माती तुळईला लागत नाहीं. आमचे गवंडी ही पोकळी मोठ्या आस्थेनें रोड्यांनीं भरून टाकतात; तेथें मालकानें स्वतः उभें राहावें.

कोब्यासाठीं काळी माती काढून मुरूम भरावा हें सर्वांस ठाऊक आहे. कोणता मुरूम, येथें चूक होते. चिकणमातीच्या खड्ड्यांत नुसती वाळू किंवा खडी भरली तर तो पाण्याचा हौदच होतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं दाखविलें कीं, भर न फुगणारी परंतु थोडी चिकट अशा मातीची असावी. तिचा सुमारें तीन फुटांचा थर, सहा-सहा इंचांनीं ओलसर करून धुम्मसानें चोपावा. कोबा भिंतीला जखडूं नये. मध्यें सांधा ठेवावा.

आमचें घर तर बांधून झालेलें होतें. न्हाणीचें पाणी नळीनें लांब परसांत नेलें, घराभोंवतीं सहा फूट रुंद, बाहेर उतरती फरसबंदी केली, पन्हळीचें पाणी तिच्यापलीकडे सोडलें. भिंतीपासून सात फुटांवरचा निंब मात्र मला तोडवला नाहीं. झाड जितकें उंच होणार तितक्या अंतरावर तें असावें असें म्हणतात, आणि तें खरें आहे. त्या बाजूची भेग अजून वैशाखांत उघडते. न्हाणीची भेग दोन उन्हाळे गेले, उघडलेली नाहीं.