मोठ्या गटात खेळणारी लहान मुलगी

शाळा सुरू झाल्या की क्रीडाशिक्षक संघाच्या तयारीला लागतात. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. मोठ्या गटात मुली कमी पडल्या की सातवी-आठवीतली एखादी चपळ मुलगी वर घेतली जाते. बोदवडसारख्या गावात तर नववी-दहावीत गेल्यावर बऱ्याच मुलींचे मैदानच सुटते. मग पालक मला विचारतात, ‘डॉक्टर, पोरगी तेरा वर्षांची आहे. मोठ्या मुलींबरोबर खेळू द्यावी का?’

माझे उत्तर ‘जरूर खेळू द्या’ असेच असते. हॉकीपटू राणी रामपाल 2010 च्या विश्वचषकात खेळली तेव्हा ती अवघी 15 वर्षांची होती. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याची वैष्णवी फाळके होती. खेळ हॉकी असो, कबड्डी असो की खो-खो, मुलीला वर पाठवताना चार गोष्टी मात्र तपासल्या पाहिजेत.

वय नव्हे, वाढ पाहा

एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण 11 ते 13 या वयात, बहुधा पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षात. त्या वर्षी सात-आठ सेंटिमीटर उंची सहज वाढते. हाडांची टोके अजून कोवळी असतात आणि स्नायूंची ताकद मागून येते. म्हणून गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागते. हे दुखणे म्हणजे आळस नव्हे. सराव कमी करावा, बर्फाने शेकावे आणि लंगडत असल्यास खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आठवड्याला जितके वय तितके तास, याहून जास्त सराव नको. एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच.

गुडघा आणि डोके सांभाळा

वयात आल्यानंतर मुलींच्या गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले असावेत, आत वळू नयेत. हे सरावापूर्वी रोज दहा-पंधरा मिनिटे शिकवले तर दुखापती कमी होतात. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅम वजनाचा आणि टणक असतो. नडगीचे पॅड आणि दातांचे रक्षक याशिवाय मुलीला मैदानात उतरवू नये. डोक्याला मार लागून गरगरले, उलटी झाली किंवा ती गोंधळल्यासारखी बोलू लागली, तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

दम लागतो? रक्त तपासा

‘पोरगी आधी पळायची, आता लवकर थकते,’ अशी तक्रार मी वरचेवर ऐकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली नसावे. सरकारी व अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, फेकू नये. शौचाला काळे झाले तरी घाबरू नये. जंताची गोळीही चुकवू नये. कळण्याची भाकरी, मेथी, हरभरे, गूळ-शेंगदाणे हे आपले नेहमीचेच जिन्नस आहेत. भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा. सरावाआधी एक केळे पुरते.

पाळी आणि ऊन

पाळीत खेळल्याने काहीही बिघडत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी, इतकेच. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर मुलगी खेळाच्या मानाने कमी खात असण्याची शक्यता असते. तेव्हा डॉक्टरांना विचारावे. आपल्या खानदेशातल्या उन्हात सराव सकाळी किंवा संध्याकाळीच घ्यावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसले तर मुली पाणीच पीत नाहीत, हेही शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

शेवटची गोष्ट आईवडिलांसाठी. वर घेतलेल्या मुलीला पहिल्या वर्षी बहुतेक वेळ राखीव म्हणून बसावे लागते, मोठ्या मुलींचे बोलणेही ऐकावे लागते. घरी आल्यावर ‘किती गोल केले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय शिकलीस?’ असे विचारावे. अंगाने तयार असलेली मुलगीसुद्धा मनाने खचली की खेळ सोडते. एकदा सुटलेले मैदान मुलींच्या वाट्याला सहसा पुन्हा येत नाही.