वाचकांचे प्रश्न : परवाना आहे, मग पिस्तूल काढायचं केव्हा?

प्रश्न : वकीलसाहेब, लवासात दासव्याला आमचा बंगला आहे. शनिवार-रविवारी जातो. आजूबाजूची बरीच घरं बंद असतात. माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. मागे एकदा रात्री टेमघरच्या पुढे घाटात दोन मोटारसायकलवाल्यांनी गाडी अडवली, बोनेटवर हात आपटले, शिवीगाळ केली आणि निघून गेले. पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, काढलं नाही. नुसतं दाखवलं असतं तरी पळाले असते. त्यात गुन्हा काय? आणि रात्री बंगल्यात कोणी शिरलं तर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काढलं नाहीत, फार बरं केलंत. परवाना शस्त्र बाळगायचा असतो. दाखवायचा किंवा चालवायचा वेगळा परवाना कोणी देत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. ते परजायला सक्त मनाई आहे. कप्प्यात सुटं ठेवायची सवयही सोडा.

तुमच्याच मुळशी तालुक्यातलं उदाहरण घ्या. धडवली गावात जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवून शेतकऱ्याला धमकावल्याच्या आरोपावरून मनोरमा खेडकर यांना पौड पोलिसांनी जुलै 2024 मध्ये अटक केली. घटना 2023 ची. चित्रफीत पसरल्यावर गुन्हा नोंदला गेला. एकही गोळी लागलेली नसताना पुढे खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, हे खरंच. पण अटक, कोठडी, जामीन हे सगळं निकालाच्या आधीच भोगावं लागतं.

आता स्वसंरक्षण. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 हा हक्क देतात, आणि तो बऱ्यापैकी मोठा आहे. भेकडासारखं पळून जा, असं कायदा सांगत नाही. पहिला घाव बसेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पण जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम 38 मधल्या प्रसंगांपुरताच आहे : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला आणि असेच मोजके. बोनेटवरची थाप आणि आईबहिणीवरून शिवी त्यात बसत नाही, कितीही संताप आला तरी. तोच माणूस काच फोडून कोयता उगारतो, तेव्हा चित्र पालटतं. आणि कोयता टाकून तो पाठ फिरवतो, तेव्हा परत पालटतं. जय देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : धोका टळल्यावर पळणाऱ्यांवर झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसत नाही. बहुतेक परवानाधारक फसतात ते इथे, भीती ओसरून राग चढतो त्या दोन-चार सेकंदांत.

हवेत गोळीबाराचं म्हणाल, तर ती सिनेमातली सोय आहे. नियमांनी तीही बंदच केली आहे. शिवाय वर गेलेली गोळी खाली येते; खाली कोणाचं घर आहे ते रात्री दिसत नाही.

बंगल्याबाबत कलम 41 पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडी चालू असेल, तर मालमत्तेच्या रक्षणाचा हक्कही जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. मात्र कुंपणावरून उडी मारून अंगणात आलेला माणूस म्हणजे घरफोडी नव्हे. आणि कलम 37 सगळ्यांवर लागू : गरजेपेक्षा जास्त इजा नाही, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. दार आतून बंद करून 112 लावता येत असेल, तर आधी तेच करा.

गोळी चालवावीच लागली, तर पडलेल्या पुंगळ्यांना हात लावू नका आणि लगेच पोलिसांना कळवा. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी तुमची. फक्त ते संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं तरी पुरतं. गाडीतला डॅशकॅम तिथे कामाला येतो, तो आजच बसवून घ्या. आणि परवान्यावरची क्षेत्रमर्यादा व मुदत एकदा वाचा. तुम्ही राहता शहर आयुक्तालयाच्या हद्दीत. लवासा पौड ठाण्याकडे, म्हणजे पुणे ग्रामीणमध्ये येतं.